व्हाइट सीबास : ओळख पोटावरून, निर्णय मोजपट्टीवरून

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक असून सध्या मुलाकडे दक्षिण कॅलिफोर्नियात ओशनसाइड येथे मुक्कामाला आलो आहे. संध्याकाळी नातीला घेऊन येथील धक्क्यावर गळ टाकायला जातो. मागच्या आठवड्यात साधारण सव्वा फुटाचा मासा लागला. पाठ निळसर करडी, पोट रुपेरी आणि अंगावर चार-पाच उभे गडद पट्टे होते. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘हा सी ट्राउट, खुशाल ठेवा.’ दुसरे म्हणाले, ‘हा क्रोकर, याला मापाचे बंधन नाही.’ मला स्वतःला तो आपल्या ढोम्याच्या जातीचा वाटला. खात्री होईना म्हणून आम्ही त्याला परत पाण्यात सोडले. छायाचित्र सोबत जोडले आहे. हा मासा कोणता, तो ठेवला असता तर चालले असते का, आणि माझ्यासारख्या पाहुण्याला गळ टाकण्यासाठी परवाना लागतो का?

उत्तर : आपण मासा सोडून दिलात हे उत्तम केलेत. छायाचित्रातील मासा व्हाइट सीबासचे पिल्लू आहे, आणि त्या मापाचा व्हाइट सीबास जवळ बाळगणे कॅलिफोर्नियात कायद्याने गुन्हा ठरतो. शास्त्रीय नाव अॅट्रॅक्टोस्किऑन नोबिलिस. आपला अंदाजही योग्य दिशेचा होता, कारण नावात ‘बास’ असला तरी हा मासा घोळ, कोथ, ढोमा यांच्याच कुळातला, म्हणजे सायनिडी कुळातला आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या कुळातला हा सर्वांत मोठा मासा. पूर्ण वाढलेला मासा दीड मीटरपर्यंत पोहोचतो. गळाने धरलेल्या व्हाइट सीबासचा जागतिक विक्रम ८३ पौंड १२ औंसांचा असून तो मेक्सिकोतील सॅन फेलिपे येथे १९५३ साली नोंदला गेला.

धक्क्यावरच्या दोन्ही गृहस्थांनी आपल्याला जे सांगितले, ते तिथे रोज ऐकायला मिळते, आणि अपुऱ्या मापाचे असंख्य व्हाइट सीबास त्यामुळेच बादलीत जातात. ‘सी ट्राउट’ हे या पिल्लांना स्थानिक गळकऱ्यांनी दिलेले नाव आहे. पट्टेवाले पिल्लू आणि करड्या-रुपेरी रंगाचा मोठा मासा हे एकाच जातीचे आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पिल्लांच्या अंगावर तीन ते सहा उभे गडद पट्टे असतात आणि वय वाढते तसे ते पुसट होत जातात. शिवाय ही पिल्ले पहिली काही वर्षे उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी आणि धक्क्यांच्या आसपास काढतात, त्यामुळे धक्क्यावरच्या नवख्या माणसाची गाठ पडते ती बहुधा त्यांच्याशीच. दुसऱ्या गृहस्थांचे ‘क्रोकर’ हे उत्तर कुळाच्या दृष्टीने खरे असले तरी नियमाच्या दृष्टीने घातक आहे. या कुळातल्या तिथल्या इतर बहुतेक लहान माशांना किमान मापाची अट नाही, पण व्हाइट सीबासला आहे, आणि ती कडक आहे.

म्हणून ओळखीची खूण नीट लक्षात ठेवावी. मासा हातात आल्यावर त्याला अलगद उताणा करावा आणि पोटाच्या मध्यरेषेवरून, पोटाखालच्या जोडीच्या परांच्या बुडापासून गुदद्वारापर्यंत, ओले बोट फिरवून पाहावे. व्हाइट सीबासच्या पोटावर याच रेषेत एक उंचावलेली कड असते. ती डोळ्यांनाही दिसते, पण दिवेलागणीच्या वेळी धक्क्यावरच्या अपुऱ्या उजेडात बोटालाच ती आधी कळते. ही कड लहान पिल्लातही असते, मोठ्या माशातही असते, आणि त्या किनाऱ्यावरच्या या कुळातल्या दुसऱ्या कोणत्याही माशाच्या पोटावर ती आढळत नाही. रंग फसवतो, पट्टे जातात, प्रकाशाप्रमाणे पाठीची छटा बदलते. कड मात्र राहते. माझ्या मते नातीला एवढी एकच खूण शिकवली तरी पुरे.

तरीही शंका उरली तर इतर खुणा ताडून पाहाव्यात. व्हाइट सीबासचा खालचा जबडा वरच्या जबड्यापेक्षा किंचित पुढे आलेला असतो, हनुवटीखाली मिशीसारखा लोंबता तंतू नसतो आणि पाठीवरचे दोन्ही पर एकमेकांना भिडलेले असतात. हनुवटीखाली एक आखूड तंतू दिसला तर तो मासा यलोफिन क्रोकर किंवा कॅलिफोर्निया कॉर्बिना असण्याचा संभव मोठा. पाठीवरच्या दोन परांमध्ये चांगली रुंद फट असेल, आणि पाठीवरचा दुसरा पर व पोटाकडचा गुदपर यांची बुडे जवळजवळ सारख्या लांबीची असतील, तर तो क्वीनफिश नावाचा लहान मासा. व्हाइट सीबासमध्ये पाठीवरच्या दुसऱ्या पराचे बूड गुदपराच्या बुडाहून बरेच लांब असते. पाठीवरच्या पहिल्या परात बारा ते पंधरा काटे मोजता आले तर तो व्हाइट क्रोकर. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो शॉर्टफिन कॉर्व्हिना या माशाशी, कारण अंगाची ठेवण अगदी सारखी. पण त्याच्या वरच्या जबड्यात पुढे एक-दोन मोठे सुळे असतात आणि पोटावर कड नसते.

व्हाइट क्रोकरचे नाव निघालेच आहे, तर ओशनसाइडहून उत्तरेला लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या वाचकांसाठी येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. पॅलोस व्हर्डीस द्वीपकल्पासमोरच्या समुद्रतळात जुन्या काळी कारखान्याच्या सांडपाण्यातून गेलेली डीडीटी आणि पीसीबी ही विषारी रसायने आजही गाळात आहेत. त्यामुळे सॅन्टा मोनिका ते सील बीच या पट्ट्यात पकडलेले व्हाइट क्रोकर, ब्लॅक क्रोकर, बार्ड सँड बास, टॉपस्मेल्ट आणि बॅराकुडा हे पाच मासे मुळीच खाऊ नयेत, असा राज्याच्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. मासा बाळगण्यास कायद्याने मुभा असणे आणि तो खाण्यास योग्य असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्या भागातल्या धक्क्यांवर अनेक भाषांत फलक लावलेले असतात. गळ सोडण्याआधी ते वाचावेत.

आता मापाविषयी. व्हाइट सीबास ठेवायचा तर त्याची एकूण लांबी किमान २८ इंच, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर असली पाहिजे. ही लांबी तोंड मिटवून, डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या सर्वांत लांब पाकळीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजतात. मोजपट्टी माशाच्या अंगावरून वळवून मोजले तर पोटाच्या फुगवट्यामुळे आकडा वाढतो, आणि तो कायद्याने ग्राह्य नसतो. मासा सपाट पट्टीवर ठेवूनच मोजावा. डोके कापलेले असेल तर पाठीवरच्या पहिल्या पराच्या पहिल्या काट्याच्या बुडापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी किमान साडेवीस इंच भरावी, अशी पर्यायी मोजणी नियमांत दिली आहे. हा अठ्ठावीस इंचांचा आकडा माशाच्या आयुष्यक्रमाशी बांधलेला आहे. नर साधारण तीन वर्षांचा आणि वीस इंचांचा झाला की प्रजननक्षम होऊ लागतो, मादी साधारण चार वर्षांची आणि चोवीस इंचांची झाल्यावर. अठ्ठावीस इंचांपर्यंत पोहोचायला माशाला जवळपास पाच वर्षे लागतात, म्हणजे बहुतेक माशांना एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळालेली असते. आपल्या हाती आलेला सव्वा फुटाचा मासा त्या टप्प्यापासून फार दूर होता.

परवान्याचे उत्तर आपल्या बाबतीत सोपे आहे. समुद्रातल्या सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकण्यासाठी कॅलिफोर्नियात कोणालाही परवाना लागत नाही, मग तो रहिवासी असो वा पाहुणा. मात्र तेथे एका माणसाने दोनपेक्षा जास्त काठ्या वापरू नयेत. धक्क्यावरून उतरून शेजारच्या वाळूत किंवा खडकावर उभे राहिलात, किंवा होडीत बसलात, की सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. पाहुण्यांसाठी एक दिवसाचा आणि दोन दिवसांचा परवाना मिळतो. वर्षभराचा परवाना काढणाऱ्याने पॉइंट आर्ग्वेलो या किनाऱ्यावरच्या टोकाच्या दक्षिणेला समुद्रात गळ टाकायचा असेल तर ‘ओशन एन्हान्समेंट व्हॅलिडेशन’ नावाची जोडनोंदही घ्यावी लागते. एक-दोन दिवसांच्या परवान्याला ती लागत नाही. परवान्याची सूट म्हणजे माप आणि संख्येच्या नियमांतून सूट नव्हे. धक्क्यावर उभ्या असलेल्या विनापरवाना आजोबांनाही अठ्ठावीस इंचांचा नियम तितकाच लागू आहे.

अपुऱ्या मापाचा मासा सोडताना आपण काय काळजी घेतलीत ते पत्रात लिहिलेले नाही, म्हणून थोडे सांगतो. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याखालच्या कातडीला रोग जडतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. गळ घशात खोल गेला असेल तर ओढून काढण्यापेक्षा दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडणे बरे. धक्का उंच असेल तर लहान मासा वरून फेकण्याऐवजी दोरी बांधलेल्या गोल जाळीतून खाली उतरवावा. अशी जाळी तिथले जाणते गळकरी जवळ बाळगतात आणि मागितली तर देतात.

प्रश्न : आम्ही सॅन होजेमधले काही मराठी मित्र जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेला जाऊन, भाड्याच्या बोटीतून कॅटालिना बेटाजवळ व्हाइट सीबाससाठी रात्रभर गळ टाकायचा बेत करत आहोत. एक मित्र म्हणतो, माणशी तीन मासे ठेवता येतात, दुसरा म्हणतो एकच. खरे काय? आमच्याबरोबर येणाऱ्या, पण गळ न टाकणाऱ्या मंडळींच्या वाट्याचे मासे धरले तर चालतात का? आणि बोटीवरच मासे साफ करून तुकड्या घरी आणता येतात का?

उत्तर : दोन्ही मित्र बरोबर आहेत, पण आपल्या सहलीपुरता दुसऱ्याचा शब्द मानावा. सर्वसाधारण मर्यादा माणशी तीन व्हाइट सीबासची आहे आणि मासेमारी वर्षभर खुली असते. मात्र पॉइंट कन्सेप्शनच्या दक्षिणेला १५ मार्च ते १५ जून या काळात माणशी एकच मासा ठेवता येतो. सॅन्टा बार्बरा परगण्यातल्या या टोकाशी कॅलिफोर्नियाचा किनारा उत्तर-दक्षिण दिशा सोडून पूर्वेकडे वळतो. उत्तरेकडून येणारे थंड पाणी आणि दक्षिणेचे उबदार पाणी यांची सीमा येथेच पडते, म्हणून अनेक माशांचे नियम या टोकाशी बदलतात. आपण राहता तो भाग या रेषेच्या उत्तरेला आणि कॅटालिना तिच्या दक्षिणेला. घराजवळचा नियम सहलीला लावू नये.

हे तीन महिने निवडण्याचे कारण माशाच्या वागण्यात आहे. व्हाइट सीबासचा विणीचा काळ एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत चालतो आणि वसंताच्या शेवटी त्याला ऐन भर येतो. या काळात मोठे मासे थव्याने किनाऱ्याजवळच्या केल्पच्या, म्हणजे उंच सागरी शेवाळाच्या, रानांजवळ जमतात. नर आपल्या वाताशयाभोवतीचे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे, स्नायू झपाट्याने आकसून ढोलासारखा घुमणारा आवाज काढतात, आणि शांत रात्री तो बोटीच्या तळातून ऐकू येतो असे तिथले नाखवे सांगतात. जवळपास याच दिवसांत कॅटालिना आणि चॅनेल बेटांभोवती माकुलांचे थवे अंडी घालायला येतात, आणि माकूल हे व्हाइट सीबासचे आवडते खाद्य. म्हणजे ज्या वेळी मासा सर्वांत सहज सापडतो, नेमकी तीच त्याच्या पुढच्या पिढीची वेळ असते. याच काळात तिथल्या व्यावसायिक मासेमारीलाही या माशासाठी बंदी असते. तीनऐवजी एक ही कपात पाहुण्या गळकऱ्यांना खटकते हे मला ठाऊक आहे, पण मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. विणीला जमलेल्या थव्यातून तीन-तीन मासे उचलण्याची सवय लागली तर थवा पाहता पाहता विरतो.

हे म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. विसाव्या शतकात हा मासा जाळ्यांनी आणि गळांनी इतका उपसला गेला की दक्षिण कॅलिफोर्नियातले त्याचे प्रमाण फार घसरले. १९८३ साली राज्याने सागरी मत्स्यबीज कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे १९९५ मध्ये कार्ल्सबाड येथे त्यासाठी खास उबवणी केंद्र उघडले. तिथे वाढवलेली वीस लाखांहून अधिक पिल्ले समुद्रात सोडण्यात आली. प्रत्येकाच्या गालात केसासारखी बारीक, सांकेतिक खुणा असलेली तार बसवलेली असे. बाहेरून ती दिसत नाही, म्हणून धरलेल्या माशांची डोकी शीतपेट्यांत जमा करावीत असे आवाहन गळकऱ्यांना केले गेले. ‘ओशन एन्हान्समेंट’ची जी जोडनोंद वर सांगितली, तिचा पैसा याच कामासाठी गोळा होतो. इतके करूनही, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय परीक्षणात असे आढळले की धरल्या जाणाऱ्या कायदेशीर मापाच्या माशांत उबवणीतल्या माशांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. दुसरीकडे, १९९० साली मतदारांनी प्रस्ताव १३२ मंजूर केला, आणि १९९४ पासून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मुख्य किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत गिल जाळी, म्हणजे माशाला कल्ल्यांशी अडकवणारी जाळी, बंद झाली. त्यानंतरच्या वर्षांत व्हाइट सीबास पुन्हा बऱ्यापैकी दिसू लागला. समुद्राचे तापमान आणि इतर कारणेही यात असणार, पण या दोन अनुभवांतून मी हेच घेतो की पिल्ले सोडण्यापेक्षा पिल्ले न धरणे या माशाला अधिक मानवते.

आता बरोबरच्या मंडळींच्या वाट्याविषयी. कॅलिफोर्नियात बोटीची सामाईक मर्यादा मान्य आहे. बोटीवर दोन किंवा अधिक जण गळ टाकत असतील तर सर्वांची मिळून होणारी संख्या पूर्ण होईपर्यंत सर्वांना गळ टाकता येतो, मग प्रत्यक्ष मासा कोणाच्या काठीला लागला याला महत्त्व नाही. पण ही बेरीज करताना ज्यांच्याकडे परवाना आहे किंवा ज्यांना वयामुळे परवान्याची गरज नाही, आणि जे गळ टाकत आहेत, अशांचीच संख्या धरतात. कठड्याला टेकून समुद्र पाहत बसलेल्या पाहुण्यांच्या नावावर मासा मांडता येत नाही.

मर्यादा केवळ त्या दिवसाच्या बोटीपुरती नसते, हे अनेकांना माहीत नसते. विशेष परवानगी नसेल तर एका माणसाजवळ कोणत्याही वेळी एका दिवसाच्या मर्यादेपेक्षा अधिक मासे असू नयेत असा नियम आहे, आणि मासा ताजा आहे, गोठवलेला आहे की खारवलेला आहे याने फरक पडत नाही. घरच्या फ्रीजरमधला मासाही हिशेबात येतो. जूनमधल्या सहलीआधी फ्रीजर पाहून घ्यावा.

बोटीवर तुकड्या करता येतात, पण अटी पाळून. व्हाइट सीबासची प्रत्येक तुकडी किमान १९ इंच लांब हवी आणि तिच्यावर एक इंच लांब-रुंदीचा रुपेरी कातडीचा चौकोन न काढता ठेवलेला हवा, म्हणजे तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याला मासा कोणता आणि तो मापाचा होता का हे कळते. बोटीवरचे खलाशी हे काम सफाईने करतात, तरी कातडीचा चौकोन राहिला आहे ना, ते पिशवी बांधण्याआधी आपणच पाहावे; पिशवी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. माझी सूचना विचाराल तर कल्ले आणि आतडी काढून मासा अखंड बर्फात घालावा आणि तुकड्या घरी कराव्यात. मांस चांगले राहते आणि प्रश्नही उद्भवत नाही.

स्वतःची होडी घेऊन जाणाऱ्यांनी किमान १८ इंच व्यासाचे, दांड्याला लावलेले जाळे बरोबर ठेवणे बंधनकारक आहे. अपुऱ्या मापाचा मासा आकडीने वर घेण्यास मनाई आहे, म्हणून ज्या माशाच्या मापाची शंका आहे त्याला जाळ्यानेच उचलावे. कॅटालिना, चॅनेल बेटे आणि ला होया या भागांत संरक्षित सागरी क्षेत्रे आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातली अशी बहुतेक क्षेत्रे १ जानेवारी २०१२ पासून अमलात आली, आणि त्यांपैकी कित्येकांत गळ टाकण्याला पूर्ण बंदी आहे. त्यांच्या सीमा पाण्यावर दिसत नाहीत, अक्षांश-रेखांशांवरूनच ओळखाव्या लागतात. सॅन डिएगोहून निघणाऱ्या काही बोटी कोरोनाडो बेटांकडे जातात. ती बेटे मेक्सिकोची असल्याने तेथे मेक्सिकोचे परवाने आणि नियम लागतात. आणि मी येथे दिलेले आकडे पाठ झाले तरी निघण्याच्या दिवशी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावरचे चालू नियम एकदा पाहावेत, कारण हंगामाच्या मध्येही बदल होतात.

आणखी एक मासा आपल्याला त्या रात्री भेटू शकतो, आणि त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय हे उत्तर संपवणे मला योग्य वाटत नाही. त्याचे नाव जायंट सीबास, शास्त्रीय नाव स्टेरिओलेपिस गिगास. तोही माकुलाच्या आमिषाला लागतो, तोही केल्पच्या कडेला राहतो, आणि नावातल्या साम्यामुळे नवखे लोक दोघांना एकच समजतात. तो व्हाइट सीबासचा नातलग नाही. त्याचे अंग रुंद व जाड, रंग काळपट, त्यावर बहुधा गडद ठिपके, आणि पाठीवरचा काटेरी पर बुटका. तो पाचशे पौंडांहून अधिक वजनाचा होतो आणि सत्तर वर्षांहून अधिक जगतो. १९६८ साली अॅनाकापा बेटाजवळ गळाला लागलेला मासा ५६३ पौंडांवर भरला होता. अशा दीर्घायुषी माशाचे मोठे नमुने मारत गेल्यामुळे तो जवळजवळ नाहीसा झाला, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियात तो धरण्यास बंदी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. गळाला जडशीळ वजन लागले आणि पाण्याखाली काळी रुंद पाठ दिसली, तर मासा बोटीवर घेऊ नये. छायाचित्राच्या मोहाने तर मुळीच घेऊ नये. पाण्यातच गळ काढावा, नाही तर दोरी कापावी.

प्रश्न : मी पालघर तालुक्यातला मच्छीमार कुटुंबातला आहे. आमच्याकडे घोळीच्या बोताला, म्हणजे तिच्या वाताशयाला, सोन्याचा भाव मिळतो. माझा भाचा नोकरीनिमित्त सॅन डिएगोला असतो. त्याने मे महिन्यात मोठा व्हाइट सीबास धरला आणि हा घोळीचाच भाऊबंद आहे असे त्याला कोणी तरी सांगितले. या माशाचे बोत वाळवून विकता येईल का, आणि ते भारतात आणले तर चालेल का? तसेच मापाचे आणि बंदीचे असे नियम आपल्याकडे का नाहीत?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नियम आपल्याकडेही आहेत. पावसाळ्यातली यांत्रिक होड्यांची बंदी आपण पाळताच. त्याखेरीज २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी धरण्याचे किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले, आणि त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्य मासा घोषित केले. फरक अंमलबजावणीत आहे, आणि मासेमारीच्या पद्धतीतही. कॅलिफोर्नियातला गळकरी एक मासा धरतो, मोजतो आणि जिवंत सोडू शकतो. आपल्या डोल जाळ्यात शेकडो पिल्ले एकदम येतात आणि जाळे वर येईपर्यंत बहुतेक मेलेली असतात. म्हणून आपल्याकडे मोजपट्टीच्या आधी जाळ्याच्या आसाचा, म्हणजे त्याच्या भोकांच्या मापाचा, विचार व्हावा लागतो, आणि ही गोष्ट सातपाटीच्या जुन्या तांडेलांनी शास्त्रज्ञांच्या बरोबरीने मांडलेली मी ऐकली आहे.

आता बोताविषयी. व्हाइट सीबास आणि घोळ एका कुळातले असल्यामुळे दोघांचे वाताशय जाड आणि स्नायूंनी वेढलेले असते, हे खरे. २०२१ साली आपल्याच जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या होडीला दीडशेहून अधिक घोळी मिळाल्या आणि त्यांना कोटीच्या वर भाव आला, तो मुख्यतः बोतामुळे. पण आपल्या भाच्याने हा मासा छंदाच्या परवान्यावर धरला आहे. कॅलिफोर्नियात छंदासाठी धरलेला मासा, किंवा त्याचा कोणताही भाग, विकता येत नाही. बोतही नाही, डोक्यातले कानखडेही नाहीत. मासा घरी खावा किंवा आप्तांना फुकट द्यावा, एवढीच मुभा आहे. मे महिना त्या एका माशाच्या मर्यादेतला आहे, म्हणून त्या दिवशी त्याने दुसरा व्हाइट सीबास ठेवला नव्हता ना, तेही विचारून घ्यावे.

बोत भारतात आणण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, आणि त्यामागे आणखी एक गंभीर कारण आहे. व्हाइट सीबासच्या राहण्याच्या प्रदेशालगतच, मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात, टोटोआबा नावाचा याच कुळातला मोठा मासा राहतो. त्याच्या वाताशयाला चीनच्या बाजारात अफाट भाव मिळतो. त्यासाठी लावलेल्या बेकायदा जाळ्यांत वाकिता नावाची छोटी डॉल्फिनसदृश पॉर्पॉइज अडकून मरते, आणि आज जगात तिची केवळ मोजकी संख्या उरली आहे. टोटोआबाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, आणि सॅन डिएगोच्या सीमेवर त्याची वाळवलेली बोते घेऊन जाणारे लोक पकडले गेले आहेत. वाळलेले बोत पाहून ते व्हाइट सीबासचे की टोटोआबाचे हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. अशी वस्तू सामानात सापडली तर ती जप्त होऊन तपासणीला जाईल, आणि तोवर आपल्या भाच्याला चौकशीला तोंड द्यावे लागेल. परदेशी नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या तरुणाने हा धोका पत्करू नये. बोत काढलेच असेल तर ते ताजेच कालवणात घालावे. घोळीचे बोत आपल्या घरात जसे शिजवतात, तसेच हेही शिजते.